दोन हात जाड भिंत

आमगाव
६ नोव्हेंबर १९३७

तीर्थरूप दादांस यशोदाचा नमस्कार.

सगळं कुशल आहे हे आधी लिहायचं असतं, ते लिहिलं. आता कामाचं. शेजारचा मुन्नालाल स्टेशनवर ड्युटीला निघाला आहे आणि पत्र त्याच्याच हाती टपालात टाकायचं आहे, म्हणून घाई आहे.

आम्ही भाड्याने राहतो ती लाईन गुलाबचंद सेठने विकायला काढली आहे. तुम्ही एकदाच आलात, तेही अंगणात चहा पिऊन गेलात, म्हणून पुन्हा सांगते. स्टेशनच्या मागे एका ओळीत पाच घरं, पाचांवर मिळून एकच कौलारू छप्पर, आणि दोन घरांच्या मध्ये विटेची एकच भिंत. ती जेवढी माझी तेवढीच पलीकडच्या जमुनाबाईची. सेठ एकेक घर सुटं विकणार आहे, आणि जो राहतो त्याला पहिला मान. यांना मात्र दुसरीच जागा पसंत पडली आहे. तळ्याच्या पलीकडे, बस्ती सोडून, एक मोकळी जागा आहे. स्वतःची विहीर आहे, घरामागे मोठी सांदवाडी निघेल, भाजीपाला होईल. तिथे चारही बाजूंनी सुटं घर बांधायचं म्हणतात.

बाबांनी माझ्या लग्नात सगळ्या मांडवासमोर बोलून दाखवलं होतं की पोरीला राहतं घर देईन. बाबा गेले आणि शब्द तुमच्या गळ्यात आला. तेव्हा कोणतं घर हे शेवटी तुमच्याच तोंडून ठरणार.

मला लाईनीतलं घर हवं आहे. हसू नका. हे सकाळच्या गाडीने गोंदियाला जातात, बिडीच्या वखारीत दिवसभर मुनिमी करतात आणि दिवेलागणीच्या गाडीने परत येतात. लाईनीतले बहुतेक पुरुष तसेच. दिवसभर इथे आम्ही बायकाच. जमुनाबाई बिड्या वळता वळता भिंतीपलीकडून बोलते, "काऊन व यशोदे, आज मिरची जाळली का? माह्या घरात ठसका येऊन राहिला." दुसऱ्या बाजूला मुन्नालाल, रायपूरकडचा, रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला आहे; आंघोळ करताना इतकं बेसूर गातो की माझं मांजर बाहेर जाऊन बसतं. पण भिंतीपलीकडे माणूस आहे हे कळत राहतं. तळ्यापलीकडे कोण आहे? बगळे.

हे म्हणतात, "या लाईनीत माणसाले आपल्या घरातही जोरात बोलता येत नाही." ते खरं आहे. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

अक्षर वाकडं आलं आहे. विहिरीवर पाय घसरला, उजवं मनगट सुजलं. काळजीचं काही नाही. वहिनीला सांगा, तिची फार आठवण येते.

तुमची
यशोदा


सडक अर्जुनी
१९ नोव्हेंबर १९३७

चि. सौ. यशोदास आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर पाहून वाटलं, कागदावरून कोंबडी चालून गेली. विहिरीवर घसरलीस यात नवल नाही. लहानपणी तळ्याच्या पाळीवरून पळताना तू नेहमी तोंडावर पडायचीस आणि दोष पाळीला द्यायचीस.

आता घराचं. केशोरावांचंही पत्र आलं, तुझ्या आधीच आलं. काय सुंदर पत्र! जावई असावा तर असा. लिहितात, "यशोदा मोठ्या घरची, तिला मी पाच जणांच्या छपराखाली ठेवतो, याची मला लाज वाटते." तुला नाही वाटत आणि त्यांना वाटते, हे उलटंच झालं.

यशोदे, आपण तळी बांधणारी माणसं. आजोबांनी मला पाळीवर उभं करून पहिली गोष्ट काय शिकवली? दुसऱ्याच्या पाळीला आपली पाळ टेकवायची नाही. त्याची फुटली की आपलीही जाते, आणि मग भांडायलाही शेत उरत नाही. पाळीचं जे, तेच घराचं. ज्याच्या भिंतीला पाठ लावून राहशील त्याची ओल तुझ्या घरात येणार. त्याचं कर्ज, त्याचं आजारपण, त्याची भांडणं, सगळं येणार. आणि तुला ते हवं आहे कशासाठी, तर मिरचीच्या ठसक्यावर गप्पा मारायला मिळतात म्हणून! तुला माणसांची हौस पहिल्यापासून, पण हौसेवर घर घेत नाहीत.

भांडणावरून आठवलं. गेल्या महिन्यात धानाला शेवटचं पाणी हवं होतं तेव्हा खालच्या गावच्या लोकांनी आपल्या तळ्याची पाणी सोडायची मोरी उपसली. मी काठी घेऊन गेलो. एकाचा हात कोपरातून उलटा केला. दुसऱ्याच्या डोक्यात घातली तर कान लोंबायला लागला, तो चिखलात बसून आईला हाका मारत होता. मलाही खांद्यात विळा बसला. पण मोरी बंद करूनच घरी आलो. तुझी वहिनी हळद भरताना रडत बसली, थांबेचना, तेव्हा एक ठेवून दिली. मग गप्प झाली. बायकांना रक्त सोसत नाही.

माझं मत सुट्या घराचं आहे. पण तू मन दुखवून घेऊ नकोस. पुन्हा एकदा विचार करून लिही.

तुझा दादा
देवचंद


आमगाव
१२ डिसेंबर १९३७

तीर्थरूप दादांस यशोदाचा नमस्कार.

विचार केला. मला लाईनीतलंच घर हवं आहे. का, ते सांगायला एक हकीकत लिहिते. लाईनीच्या चौथ्या घरात सुशिला म्हणून आहे. तिचा नवरा चांगल्या नोकरीत आहे. बाहेर कोणाला अरे म्हणून बोलत नाही, लोक त्याचा दाखला देतात.

परवा सुशिलाने भात मांडला, तो खालून जरा लागला होता. नवऱ्याने ताट भिंतीवर फेकलं. मग तिचा अंबाडा धरला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तिथे एक लोखंडी खिळा आहे, तो कपाळात गेला. ती खाली पडली तर पोटात लाथा घातल्या. तोंडाने मात्र काही बोलत नव्हता, त्याला शब्द बाहेर जायला नको असतात. पण ती ओरडली.

तेव्हा पलीकडच्या बाईने मुसळ घेऊन भिंत ठोकायला सुरुवात केली. दादा, हा आमच्या लाईनीचा रिवाज आहे. घरात कुठेही तसा आवाज आला की लागून असलेली बाई मुसळ आपटते. तिचं ऐकून पुढची आपटते. धमधम सगळ्या लाईनीतून जाते. कोणी दार ठोठावत नाही, कोणी मध्ये पडत नाही, दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणी विचारत नाही. मुन्नालाल घरी असला तर तेवढा ओरडतो, "क्या बाबूजी, धान कूट रहे हो क्या?" आणि पुरुषाचा हात थांबतो. त्याला मार देण्याची लाज नसते, ऐकू जाण्याची असते.

सुशिलाचा नवरा धापा टाकत भिंतीकडे पाहत राहिला. मग खाली बसला आणि पाणी मागितलं. तिने डोळ्यातलं रक्त पुसून त्याला पाणी दिलं. मुसळ वाजलं नसतं तर आपण त्या दिवशी मेलो असतो, असं ती म्हणते, आणि मला ते खरं वाटतं.

तुम्ही मला पाळीचं सांगितलंत. पाळ पाणी अडवते, ते तिचं काम. पण घराच्या भिंतीतून काहीतरी पलीकडे जायला हवं. मी याहून नीट लिहू शकत नाही. माझ्यासाठी म्हणून एवढं करा. यानंतर मी तुमच्याकडे साडीचोळीही मागणार नाही.

तुमची
यशोदा


सडक अर्जुनी
२० जानेवारी १९३८

चि. सौ. यशोदास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अशा जागी माझी बहीण राहते! रोजची मारझोड, बायका मुसळं आपटतात, पुरुष भिंतीपलीकडून हिंदीत टोमणे मारतात. ही वस्ती आहे की बाजार? आणि तू म्हणतेस इथेच घर घ्या! तुझ्या शब्दांनीच माझं मत पक्कं झालं. त्या सुशिलाचंही मला पूर्ण खरं वाटत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, बाईची जीभ चालली असेल. पण तुला रोज ते ऐकावं लागू नये एवढं मला कळतं.

संक्रांतीला केशोराव इथे आले होते. रात्री मुक्काम केला, माझ्या पाया पडले. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सुशिलाची हकीकत आली तेव्हा त्यांची मान खाली गेली. मग डोळे पुसून म्हणाले, "दादा, चुकी माझी हाये. अशा जागी मी हिले ठेवाले नको होतं. आता उशीर करू नका." तुझी वहिनी तेव्हा वाढत होती, तिच्या हातून ताक सांडलं, मी रागावलो, तर तेच मध्ये पडून म्हणाले, "जाऊ द्या दादा."

तर ऐक. तळ्यापलीकडची जागा घेतली. केशोरावांच्या नावाने घेतली, जावयाचा मान राखायला हवा. धान निघालं आहे, माणसं मोकळी आहेत, मी पाळीवर काम करणारे माझे गडी घेऊन येतो आणि उन्हाळ्याच्या आत घर उभं करतो. विटा नकोत. आपण पाळ घालतो तशीच मुरूम-मातीची भिंत, थरावर थर, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. दोन हात जाड. केशोरावांनीच सांगितलं, "भिंती जाड करा दादा. दिवसभर वखारीत कलकल असते, घरी शांतता पाहिजे." तशी शांतता देतो की बाहेर लग्नाचा बाजा वाजला तरी आत झोप मोडणार नाही.

तू रुसशील, ते मला ठाऊक आहे. एक पावसाळा त्या घरात काढ, मग दादाला आठवशील.

तुझा दादा
देवचंद


आमगाव
८ मे १९३८

तीर्थरूप दादांचे चरणी बालके यशोदाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपल्या आशीर्वादाने अक्षय तृतीयेस नवीन घरात प्रवेश झाला. घर अतिशय उत्तम झाले आहे. उन्हाळा असूनही आत गारवा आहे. बाहेरचा काहीही त्रास नाही. यजमान फार समाधानी आहेत. लाईनीच्या लोकांशी आता संबंध ठेवलेला नाही, ते आपल्या योग्यतेचे नव्हते. माझे पूर्वीचे हट्ट मनावर घेऊ नयेत. सौ. वहिनीस नमस्कार.

आपली आज्ञाधारक
सौ. यशोदाबाई


सडक अर्जुनी
२४ जुलै १९३८

चि. सौ. यशोदास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याला दोन महिने होऊन गेले. मी ते घरापुढच्या सपरीत बसून चारचौघांना वाचून दाखवलं. घराचं कौतुक बहिणीच्या हातचं आलं की कोणाला गोड लागत नाही? शेवटी दादाच बरोबर ठरला ना!

पण इतकं थोडं का लिहिलंस? ना कोणाची टर, ना माझ्या खांद्याची चौकशी. तुझी वहिनी म्हणते, "या पत्रात यशोदाबाई कुठे हायेत?" मी म्हटलं, घरची मालकीण झाली, आता पोक्त झाली. त्यावर ती दोन दिवस जेवली नाही. बायकांचं काही कळत नाही.

रोवणी चालू आहे, पाळ यंदा छान धरली आहे. तुमच्या भिंतीला पावसाने कुठे चीर गेली का, ते कळव. जाणार नाही म्हणा. पोळ्याला येशील का? केशोरावांना वखारीतून सुट्टी नसली तर मी छकडा पाठवतो.

उत्तर लवकर दे.

तुझा दादा
देवचंद


गुलाबचंद सेठची लाईन, आमगाव
१४ नोव्हेंबर १९३८

दादा,

नमस्कार. हे पत्र मी जमुनाबाईच्या घरी बसून लिहिते आहे. डावा हात नीट उचलत नाही, म्हणून कागद तिने धरला आहे. तिला वाचता येत नाही, पण मी काय लिहिते ते तिला माहीत आहे.

चौथ्या घरात सुशिला नाही. कधीच नव्हती. चौथ्या घरात सेठने कोंडा भरून ठेवला आहे. सुशिला मी आहे. विहिरीवर मी पडले नव्हते. मी सरळ लिहिलं नाही, कारण तुम्ही काठी घेऊन आला असता, मग मी विधवा झाले असते किंवा तुम्ही फासावर गेला असता. मला दोन्ही नको होतं. मला फक्त ती एक विटेची भिंत हवी होती. तुम्ही माझं पत्र त्यालाच वाचून दाखवलंत.

तो तुमच्याकडून आला तेव्हा हसत होता. लाईनीत असेपर्यंत मला बोटही लावलं नाही. रोज म्हणायचा, "सुशिलेचं नव्या घरात पाहू." मी तुम्हाला पुन्हा लिहू नये म्हणून दौत-टाक वखारीत घेऊन गेला. अक्षय तृतीयेला तुम्ही सगळे छकड्यात बसून परत गेलात. तुम्ही वळून वळून घराकडे पाहत होता. तुम्ही दिसेनासे झालात तसा तो मला मधल्या खोलीत घेऊन गेला. म्हणाला, "मी विहिरीपाशी जातो. दार लावल्यावर जीव तोडून ओरड." मी विचारलं, काय ओरडू? म्हणाला, "सुशिला म्हणून ओरड." मी ओरडले. दोनदा ओरडले. मला वाटलं, तुमच्या छकड्यापर्यंत जाईल. तो आत आला आणि इतक्या आनंदात होता की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "काहीच आलं नाही. तुया दादाचा हात सोन्याचा हाये." मग त्याने कडी लावली.

त्या मे महिन्यातलं पत्र त्याने सांगितलं तसं मी लिहिलं. पुढचं सगळं सांगत नाही. हात जात्याच्या खुंट्याने मोडला. दोन दात गेले. पाठीवर चिमट्याचे डाग आहेत, ते वहिनीला दाखवीन, तुम्हाला नाही. पोटात होतं ते श्रावणात गेलं. तुम्ही भिंतीला चीर गेली का म्हणून विचारलं होतंत. नाही गेली.

गेल्या रविवारी त्याला सुट्टी होती. दुपारी मी पाट्यावर चटणी वाटत होते. काय चुकलं ते मला अजून माहीत नाही. तो खुंटा घेऊन आला आणि माझा दुसरा हात धरायला खाली वाकला. माझ्या त्या हातात वरवंटा होता. तो मी त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. तो पडला, तरी त्याने खुंटा सोडला नाही, म्हणून दुसरा घाव त्याच्या मनगटावर घातला, आणि तिसरा पुन्हा गुडघ्यावर. तिसऱ्याची गरज नव्हती. तो मी माझ्यासाठी घातला.

मग तो ओरडायला लागला. आधी मला शिव्या दिल्या. मग देवाला हाका मारल्या. मग, दादा, तो जमुनाबाईच्या नावाने ओरडला, मुन्नालालच्या नावाने ओरडला. मी बाहेर आले, दार लावलं आणि विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. बाजूच्या बांधीत बाया धान कापत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. मलाही काही ऐकू आलं नाही. मला वाईट वाटलं नाही, आणि ते मी लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की वाटलं असेल.

मग मी चालत लाईनीत आले आणि मुन्नालालला सांगितलं. त्याने माणसं आणि खाट नेऊन त्याला गाडीत घालून गोंदियाच्या दवाखान्यात पोचवलं. जगेल. पाय वाकडा राहील म्हणतात. तो लोकांना सांगतो की माळ्यावरून पडलो. बायकोने मारलं म्हणायची त्याला लाज वाटते.

आमचं जुनं घर विकलं गेलं नव्हतं. सेठने ते मला भाड्याने दिलं आहे. मी जमुनाबाईकडून बिड्या वळायला शिकते आहे, एका हाताने वेळ लागतो. तळ्यापलीकडचं घर त्याच्या नावावर आहे, त्याच्याकडेच राहू द्या, मला त्याची मातीही नको.

मागणं एकच आहे. काठी घेऊन येऊ नका. मला समजावून परत पोचवायला तर मुळीच येऊ नका. यायचं तर रिकाम्या हाताने या, भाकरी करून घालीन.

यशोदा


सडक अर्जुनी
२१ नोव्हेंबर १९३८

यशोदाबाईले निर्मलाचा नमस्कार.

चुका पोटात घाला. लगनाच्या पयल्या साली तुमीच चुलीच्या राखेत अक्षरं गिरवून घेतली होती, त्याच्यावरच लिहून राहिली. तुमचे दादा पत्र लिहिणार नाहीत, म्हणून मीच लिहितो.

तुमचं पत्र त्यांनी सपरीत बसून वाचायले घेतलं. चेहरा काळा पडला. उठले, काठी घेतली, गड्यांना हाक मारली. म्हणाले, "केशोरावाले उभा चिरतो." मंग पुढचं वाचलं. तिथंच उभे रायले. मंग म्हणाले, "नवऱ्यावर वरवंटा उचलते? जाऊन तिच्या पाठीचं सालटं काढतो, अन् घरी नेऊन सोडतो." मी दारात होती. मी म्हटलं, "दोघांपैकी कोणाले मारायले जाता ते आधी ठरवा, मंग शिदोरी बांधून देतो."

इतक्या सालांत मी त्यांले उलटून बोलली नव्हती. काठी केशोरावासाठी उचलली होती, पण आमगाव लांब होतं अन् मी जवळ होती. पयली खांद्यावर बसली, दुसरी कमरेत. मंग काठी टाकून हातानं मारलं. तुमचं पत्र दुसऱ्या हातात तसंच होतं. ओठ फाटला, एका कानानं अजून ऐकू येत नाही. गडी अंगणात होते. त्यांनी पायलं अन् बैलं सोडायले निघून गेले. हे घर तुमच्या आजोबांचं, याच्या भिंती तर तुमच्या घराहून जाड. मी आत ओरडली काय अन् बाहेर ओरडली काय, कोणाच्या घरात मुसळ नव्हतं असं नाही. पण आमच्यात तो रिवाज नाही.

मले तुमच्या पयल्याच पत्रात समजलं होतं. विहिरीवर पडलेल्या बाईचे गुडघे फुटतात, एकटं मनगट नाही सुजत. मीही तीच विहीर सांगतो सगळ्यांले. तुमच्या दादांनी ते पत्र केशोरावाले वाचून दाखवलं तवा माह्या हातून ताक सांडलं, ते उगाच नाही. मी तवा बोलली असती तर तुमचा हात शाबूत असता. भेव वाटलं, यशोदाबाई. तुमाले वरवंट्याचं वाईट नाही वाटलं, पण मले या न बोलण्याचं लय वाईट वाटून राहिलं.

मारून झाल्यावर ते तळ्यावर जाऊन बसले. रात्री आले तर रडत होते. म्हणाले, "माझ्या हातानं मी बहिणीले कोंडलं." रडणं खरं होतं, मी तेवढं ओळखतो. मी हळद गरम केली अन् माह्या कानाले लावली. त्यांले वाटलं, त्यांच्यासाठी आणली.

मले लेकरू नाही, म्हणून मागं पाहायले काही नाही. चार लुगडी हायेत, एक नेसीन, तीन गाठोड्यात. जमुनाबाईले सांगा, बिड्या मीही वळीन, माहे दोन्ही हात चालतात. गुलाबचंद सेठपाशी लाईनीत जागा असली तर बोलून ठेवा, नसली तर तुमच्या घरात एक कोपरा पुरे.

बुधवारी ते मोरीच्या कामावर असतात. मोटारीनं देवरी, तिथून भेटेल त्या छकड्यानं. त्यांले इचारलं नाही, सांगितलं नाही. मी येऊन राहिली.

निर्मला